साध्य, साधन आणि शहादा : मार्क्सच्या हिंसाविचाराविषयीच्या एका वादाची चिकित्सा

बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना महाराष्ट्रातील बौद्ध वाचकाला नवी नाही. व्याख्यानमाला, वर्षावासातील प्रवचने, विद्यार्थ्यांची चर्चासत्रे अशा सर्व ठिकाणी हा विषय निघतो आणि बहुधा दोन ठरावीक उत्तरांवर संपतो. एक पक्ष म्हणतो की, मार्क्स हिंसेचा पुरस्कर्ता होता, तथागतांनी अहिंसा शिकविली, तेव्हा दोघांचा मेळ बसणे अशक्य. दुसरा पक्ष म्हणतो की, उपाशी माणसाला नीती शिकविणे हा पोटभरल्यांचा उद्योग आहे आणि अहिंसेचा उपदेश नेहमी मार खाणाऱ्यालाच केला जातो. आमच्या मते ही दोन्ही उत्तरे अपुरी आहेत, कारण दोन्ही पक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी विचारलेला मूळ प्रश्न बाजूला ठेवतात.

हा प्रश्न केवळ ग्रंथांच्या आधारे सोडविता येईल असे आम्हांस वाटत नाही. म्हणून प्रस्तुत लेखात आम्ही प्रथम मार्क्सचे म्हणणे आणि त्यावरील बाबासाहेबांचा आक्षेप पाहू, नंतर त्या आक्षेपाला आधार म्हणून दिल्या जाणाऱ्या एका संवादाची तपासणी करू आणि शेवटी हा विचार सातपुड्याच्या पायथ्याशी, आजच्या नंदुरबार जिल्ह्यातील शहादा तालुक्यात, १९७१ ते १९७४ या काळात घडलेल्या इतिहासाला लावून पाहू. त्या भूमीवर सर्वोदय आणि मार्क्सवाद समोरासमोर आले होते आणि साध्य-साधनाचा प्रश्न तेथे ज्वारीच्या पोत्याशी आणि जमिनीच्या तुकड्याशी जोडला गेला होता.

मार्क्सचे म्हणणे

कार्ल मार्क्स (१८१८-१८८३) आणि फ्रेडरिक एंगल्स यांनी १८४८ च्या कम्युनिस्ट जाहीरनाम्यात आपली उद्दिष्टे प्रचलित समाजव्यवस्था बळाने उलथून टाकल्याशिवाय साध्य होणार नाहीत असे उघडपणे सांगितले. १८६७ साली प्रसिद्ध झालेल्या 'भांडवल' या ग्रंथाच्या पहिल्या खंडात मार्क्सने बळाला सुईणीची उपमा दिली. ही उपमा नीट पाहिली पाहिजे. सुईण मूल जन्माला घालीत नाही. ते वाढलेले असते आईच्या पोटात. सुईण केवळ प्रसूतीला हात देते. म्हणजे नवा समाज हिंसेतून निर्माण होतो असे मार्क्स म्हणत नाही. जुन्या समाजाच्या पोटात तो आधीच वाढलेला असतो, बळ त्याला बाहेर आणते, असे त्याचे म्हणणे आहे. शिवाय हे वाक्य ज्या भागात येते, तेथे वसाहती लुटून, शेतकऱ्यांना जमिनीवरून हुसकावून युरोपातील भांडवल कसे उभे राहिले याचे वर्णन आहे. तेथे बळ वापरणारे हात राज्यकर्त्यांचे आणि धनिकांचे आहेत.

८ सप्टेंबर १८७२ रोजी ॲमस्टरडॅम येथे केलेल्या भाषणात मार्क्सने आणखी एक गोष्ट सांगितली. अमेरिका, इंग्लंड आणि कदाचित हॉलंड यांसारख्या देशांत कामगारांना शांततेच्या मार्गाने आपले ध्येय गाठता येईल. परंतु युरोपातील बहुतेक देशांत बळाचाच आधार घ्यावा लागेल, असा त्याचा आशय होता. म्हणजे संस्था आणि परिस्थिती पाहून साधन ठरवावे, अशी मोकळीक मार्क्सने ठेवली होती.

नीतीविषयी मात्र त्याच्या लिखाणात एक ताण आहे. कम्युनिस्ट नीतीचा उपदेश करीत नाहीत, असे तो आणि एंगल्स १८४५-४६ च्या सुमारास लिहितात. आणि तरीही बालमजुरांची दैना वर्णन करताना मार्क्सचा संताप शब्दाशब्दांत दिसतो. १८५७ च्या उठावाविषयी न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रात लिहिताना त्याने शिपायांची क्रूर कृत्ये नाकारली नाहीत, पण इंग्रजांनी हिंदुस्थानात जे पेरले त्याचेच ते प्रतिबिंब आहे असे सुनावले. त्याच काळात खानदेश आणि निमाडच्या डोंगरांत खाज्या नाईक आणि भीमा नाईक यांच्या नेतृत्वाखाली भिल्ल इंग्रजांशी झुंजत होते. हिंसा कोणी आरंभिली हा मार्क्सचा प्रश्न त्यांच्या बाबतीतही तितकाच लागू होता. परंतु हिंसेचे मूळ सांगणे वेगळे आणि तिची मर्यादा सांगणे वेगळे. मार्क्सने पहिले काम केले. दुसरे त्याने बव्हंशी इतिहासावर सोपविले. त्याच्या अनुयायांनी पुढे तेच इतिहासाचा परवाना म्हणून वापरले. वादाचे मूळ येथे आहे.

बाबासाहेबांचा आक्षेप

२० नोव्हेंबर १९५६ रोजी काठमांडू येथे जागतिक बौद्ध परिषदेपुढे बाबासाहेबांनी बुद्ध आणि मार्क्स या विषयावर भाषण केले. याच विषयावरील त्यांचा इंग्रजी निबंध मात्र त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झाला नाही. महाराष्ट्र शासनाने काढलेल्या त्यांच्या लेखन आणि भाषणांच्या तिसऱ्या खंडात, १९८७ साली, तो सर्वसाधारण वाचकाच्या हाती आला. हा तपशील महत्त्वाचा आहे. १९७२ साली स्थापन झालेल्या दलित पँथरमध्ये १९७४ साली फूट पडली, तेव्हा नामदेव ढसाळ आणि राजा ढाले यांच्यातील वादाचा एक मुद्दा मार्क्सवाद की बुद्धविचार हाच होता. बाबासाहेबांचा या विषयावरील सर्वांत सविस्तर युक्तिवाद त्या वेळी छापलेलाच नव्हता. त्यामुळे दोन्ही बाजूंना त्यांच्या नावाचा आधार घेणे सोपे गेले, त्यांचा युक्तिवाद तपासणे मात्र कठीण होते.

त्या निबंधात बाबासाहेब मार्क्सच्या सिद्धान्तांतील पुष्कळसा भाग काळाने खोटा ठरविला असे म्हणतात. परंतु जे उरते ते लहान असले तरी मोलाचे आहे, असेही म्हणतात. तत्त्वज्ञानाचे काम जगाची पुनर्रचना करणे हे आहे. वर्गावर्गांत हितसंबंधांचा संघर्ष असतो. खाजगी मालमत्तेने एका वर्गाला सत्ता आणि दुसऱ्याला दुःख मिळते. आणि समाजाच्या हितासाठी हे दुःख नाहीसे केले पाहिजे, त्यासाठी खाजगी मालमत्ता नष्ट झाली पाहिजे. या चारही गोष्टी ते मान्य करतात. दुःख या शब्दाच्या जागी शोषण हा शब्द ठेवला तर बुद्ध मार्क्सपासून दूर नाहीत, इथपर्यंत ते येतात. तेव्हा ज्यांना हा निबंध मार्क्सविरोधी पत्रक म्हणून वापरावयाचा असतो, त्यांनी तो अर्धाच वाचलेला असतो.

मतभेद साधनांविषयी आहे, आणि येथे बाबासाहेब आपले कोलंबिया विद्यापीठातील गुरू जॉन ड्यूई यांचा आधार घेतात. साध्याने साधनाचे समर्थन होत नाही हे वाक्य ते डोळे मिटून स्वीकारीत नाहीत. साध्याने नाही तर मग कशाने, हा ड्यूईंचा प्रतिप्रश्न त्यांना ठाऊक आहे. बळाचे दोन प्रकार ते करतात : ऊर्जा म्हणून वापरलेले बळ आणि हिंसा म्हणून वापरलेले बळ. एखादे साध्य गाठताना त्याच्याशी गुंतलेली इतर अनेक साध्ये नष्ट होऊ शकतात. म्हणून दुष्ट ते नष्ट करताना चांगले जितके वाचविता येईल तितके वाचविले पाहिजे, हा त्यांचा निकष आहे. या निकषावर ते कम्युनिस्टांना विचारतात की, मालमत्ता घ्यावयाची होती तर मालकाचा जीव कशासाठी घेतला? मानवी जीवनाला काही मोल नाही काय? बुद्धांनी बळाला ऊर्जा म्हणून मुभा दिली असती. हिंसा हेच निरपवाद तत्त्व मानण्यास त्यांचा कडवा विरोध होता, असे ते प्रतिपादन करतात.

ड्यूईंचा येथे आलेला उल्लेख सहज नाही. १९३८ साली लिओन ट्रॉट्स्की यांनी क्रांतिकारकांच्या नीतीचे समर्थन करणारा निबंध लिहिला, तेव्हा त्याच वर्षी ड्यूईंनी त्याला उत्तर दिले होते. साध्य आणि साधन परस्परांवर अवलंबून आहेत हे ट्रॉट्स्की मान्य करतात; पण नंतर प्रत्यक्ष परिणाम तपासण्याऐवजी वर्गसंघर्षाच्या नियमातून साधन आधीच ठरवून टाकतात, असा ड्यूईंचा आक्षेप होता. बाबासाहेबांचा आक्षेप याच जातीचा आहे. जे साधन तपासावयाचे, ते कोणत्याही नियमाच्या नावाखाली तपासणीतून सुटता कामा नये.

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात हीच भूमिका दुसऱ्या शब्दांत येते. अहिंसा हे तत्त्व आहे, नियम नव्हे. नियम माणसाला बांधून टाकतो; तत्त्व त्याला विचार करावयास मोकळे ठेवते आणि म्हणूनच उत्तरदायीही करते. मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत बाबासाहेब भेद करतात. सैल आचरणाची ही सवलत नाही. नियम पाळणाऱ्याला नियमाकडे बोट दाखविता येते. तत्त्व पाळणाऱ्याला प्रत्येक वेळी स्वतःच उत्तर द्यावे लागते.

सीह सेनापतीचा संवाद

या भूमिकेच्या समर्थनार्थ सीह सेनापतीशी झालेला बुद्धांचा संवाद नेहमी सांगितला जातो. अपराध्याला दंड देण्यास आणि न्याय्य कारणासाठी युद्ध करण्यास बुद्धांनी संपूर्ण मनाई केली नाही, असा त्याचा आशय आहे. येथे अभ्यासकाने सावध असले पाहिजे. पाली विनयपिटकातील महावग्गात आणि अंगुत्तरनिकायात सीह सेनापतीची कथा आहे. तो निगंठांचा उपासक असतो, बुद्धांकडे येतो, त्यांच्यावरील अक्रियावादाच्या आरोपाविषयी विचारतो आणि उपासक होतो. युद्ध आणि दंड यांविषयीचा संवाद तेथे नाही. तो आढळतो पॉल कारुस यांच्या १८९४ सालच्या इंग्रजी बुद्धचरित्रात, आणि प्रचलित संवादाचे त्याच्याशी साम्य आहे.

उलट, संयुत्तनिकायात एका योद्ध्यांच्या प्रमुखाची कथा आहे. रणांगणात मरण पावलेला योद्धा स्वर्गास जातो काय, असे तो विचारतो. बुद्ध दोनदा त्याला थांबवितात. तिसऱ्यांदा विचारल्यावर सांगतात की, इतरांना ठार करण्याच्या चित्ताने लढून मेलेल्याची गती दुर्गतीच आहे. हे उत्तर प्रामाणिकपणे समोर ठेवले पाहिजे. त्यामुळे बाबासाहेबांचा युक्तिवाद कोसळतो काय? आमच्या मते नाही. तो एका संवादावर उभा नाही. चित्ताच्या हेतूला प्राधान्य देणाऱ्या बुद्धविचारावर आणि साधनांच्या परिणामांच्या चिकित्सेवर तो उभा आहे. तथागतांचे वचनही तपासून घ्यावे ही त्यांचीच शिकवण आहे, मग संवादाचे मूळ तपासताना आपण कचरण्याचे कारण नाही.

शिवाय पाली साहित्यात या वादाला अधिक भक्कम आधार अन्यत्र आहे. दीघनिकायातील कूटदंतसुत्तात राजा महाविजिताला त्याचा पुरोहित सांगतो की, लुटारूंना वध, बंधन आणि दंड यांनी संपविता येणार नाही. शेतकऱ्याला बी-बियाणे, व्यापाऱ्याला भांडवल आणि सेवकाला अन्न-वेतन द्यावे, म्हणजे राज्यात शांतता नांदेल. चक्कवत्तिसीहनादसुत्तात निर्धनांना धन न दिल्याने दारिद्र्य वाढते, दारिद्र्यातून चोरी, चोरीतून शस्त्रे आणि शस्त्रांतून हत्या असा क्रम येतो. हिंसेचे कारण भौतिक परिस्थितीत शोधण्याचे काम मार्क्सच्या कितीतरी शतके आधी झाले होते, हे येथे दिसते. हाच क्रम शहाद्यात कसा घडला हे आता पाहू.

शहाद्याची भूमी

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेनुसार येथील सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. उत्तरेस सातपुडा आणि पायथ्याशी तापीखोऱ्याची काळी, सुपीक जमीन. शहादा तालुक्यातील या जमिनीचा मोठा भाग एके काळी भिल्लांच्या कसणुकीत होता. सावकारी कर्ज, कागदपत्रांचे अज्ञान आणि बाहेरून आलेल्या सधन शेतकऱ्यांची सरशी यांमुळे तो त्यांच्या हातून गेला. ज्यांची जमीन होती तेच त्या जमिनीवर सालदार झाले. वर्षभराच्या करारावर राबावयाचे, घेतलेली उचल फिटत नाही म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा तेथेच राबावयाचे, अशी ही पद्धत होती.

या समाजाला नीतीचा विचार बाहेरून आणून द्यावा लागला असे नाही. १९३० च्या दशकात तळोदा तालुक्यातील मोरवड येथे गुलाम महाराजांनी आप धर्माची चळवळ उभी केली. दारू सोडा, स्वच्छ राहा आणि एकमेकांना 'आप' म्हणून हाक मारा, असे ते सांगत. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या अरेतुरेच ऐकावे लागले, त्यांनी परस्परांना 'आप' म्हणणे ही एक सामाजिक क्रांतीच होती. १९३८ साली त्यांचे निधन झाल्यावर त्यांचे बंधू रामदास महाराज यांनी हे कार्य पुढे नेले.

१९७० नंतर दुष्काळाचे दिवस आले. मे १९७१ मध्ये शहादा तालुक्यातील पाटीलवाडी येथे धान्यावरून संघर्ष झाला, जमीनदारांच्या बाजूने गोळीबार झाला आणि त्यात आदिवासीचा बळी गेला. दारिद्र्य, धान्य, शस्त्र, हत्या हा सुत्तातील क्रम येथे जसाच्या तसा दिसतो. या घटनेनंतर भिल्ल समाजातील नेते अंबरसिंग महाराज यांनी लोकांना संघटित केले. सर्वोदयी कार्यकर्ते त्यांच्यासोबत होते. जानेवारी १९७२ मध्ये शहादा येथे भूमुक्ती मेळावा झाला. त्याच वर्षी श्रमिक संघटना उभी राहिली. पुण्या-मुंबईकडून आलेले सुशिक्षित तरुण, त्यांत पुढे मार्क्सवादी नेते म्हणून ओळखले गेलेले कुमार शिराळकर (निधन २०२२), आणि वाहरू सोनवणे यांच्यासारखे स्थानिक आदिवासी तरुण तिच्यात काम करू लागले. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी १९७६ साली या चळवळीचा अभ्यास प्रसिद्ध केला.

सर्वोदयाचा भर हृदयपरिवर्तनावर आणि दानावर होता. नव्या तरुणांचा भर वर्गसंघर्षावर. एकाला भीती होती की संघर्षाने द्वेष वाढेल; दुसऱ्याला वाटे की दान मागितल्याने देणाऱ्याची मालकीच मान्य होते. जमीनमालकांनी पीक संरक्षणाच्या नावाखाली आपले राखणदार उभे केले होते. कागदोपत्री ही शांतता होती. सालदाराच्या पाठीवर ती हिंसा होती.

निकष लावून पाहता

बाबासाहेबांचा निकष येथे लावला तर काय दिसते? चळवळीची मुख्य साधने होती मोर्चे, घेराव, मजुरीवाढीसाठी संप आणि हिरावलेल्या जमिनीचा ताबा. हे सर्व बळच होते, विनंती नव्हती. परंतु मालकाचा जीव घेणे हे त्या बळाचे सूत्र नव्हते. ज्यातून दुसऱ्याचे जीवन उद्‌ध्वस्त होते तो अन्याय थांबविणे आणि तो करणाऱ्यालाही माणूस म्हणून शिल्लक ठेवणे, याला ऊर्जा म्हणून वापरलेले बळ म्हणता येईल. पंचशीलातील दुसरे शील न दिलेले घेण्यापासून विरत राहण्याचे आहे. अंगठा उठवून घेतलेली जमीन ही दिलेली जमीन नव्हे. ती परत मागणाऱ्यावर शीलभंगाचा ठपका ठेवावयाचा असेल, तर आधी ती घेणाऱ्याचा हिशेब मांडावा लागेल. राज्याच्या विधिमंडळानेही पुढे हेच मान्य केले. १९७४ च्या कायद्यांनी १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात बिगर-आदिवासींकडे गेलेल्या आदिवासींच्या जमिनी ठरावीक अटींवर परत देण्याची तरतूद केली.

१९७२-७३ मधील स्त्रियांची चळवळ हा अधिक कठीण प्रसंग आहे. भिल्ल स्त्रिया जथ्याने गावोगाव गेल्या, दारूचे अड्डे उद्‌ध्वस्त केले, मडकी फोडली, बायकोला मारणाऱ्या नवऱ्यांना भर गावात जाब विचारला, काही ठिकाणी शिक्षाही केली. मोहाची दारू भिल्लांच्या देवकार्यात असते हे खरे. पण येथे प्रश्न पूजेचा नव्हता, मजुरी अड्ड्यावर जाण्याचा आणि घरी येऊन बाईला मार बसण्याचा होता. पाचवे शील पाळावे म्हणून मडके फोडले तर पहिल्या शीलाचा भंग होतो काय? आमच्या मते मडके फोडणे ही हिंसा नव्हे. त्यात कोणाचा जीव गेला नाही, आणि रोजची मारहाण थांबविण्याचे चांगले साध्य वाचले. मात्र जमावाने माणसाला मारणे वा अपमानित करणे याविषयी तेच उत्तर देता येणार नाही. तेथे चित्तात न्याय होता की सूड, हे विचारावेच लागेल. न्याय्य पक्ष असला म्हणून त्याचे प्रत्येक कृत्य न्याय्य होत नाही. हा निकष केवळ विरोधकांसाठी राखून ठेवला तर त्याला निकष म्हणता येणार नाही.

आणखी एक साध्य या हिशेबात धरले पाहिजे. ज्यांच्यासाठी लढा चालतो, त्यांचा स्वतःचा निर्णय. वाहरू सोनवणे यांनी पुढे आपल्या कवितेतून दाखवून दिले की, व्यासपीठावरचे लोक आदिवासींचे दुःख आदिवासींनाच सांगतात आणि आदिवासी मात्र खाली बसलेला राहतो. हुकूमशाहीविषयी बाबासाहेबांनी कम्युनिस्टांना केलेला प्रश्न याच जातीचा आहे. दुसऱ्याच्या वतीने निर्णय घेणारे साधन शेवटी त्याला पुन्हा सालदारच करते. भिक्खुसंघात मालमत्ता मोजक्या वस्तूंपुरती मर्यादित होती, पण ती मर्यादा कोणी तलवारीने घातली नव्हती, याकडे बाबासाहेब लक्ष वेधतात ते यासाठीच.

अंबरसिंग महाराजांचे १९७४ साली निधन झाले. चळवळीचे प्रवाह पुढे वेगळे झाले. धुळ्याचे शरद पाटील (१९२५-२०१४) यांनी मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष सोडून १९७८ साली सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष स्थापन केला, मार्क्सवादाला फुले-आंबेडकर विचाराची जोड दिली आणि बौद्ध तर्कशास्त्राचा, विशेषतः दिङ्‌नाग-धर्मकीर्तींच्या परंपरेचा, नव्या मांडणीसाठी उपयोग केला. त्यांच्या सर्व निष्कर्षांशी सहमत होणे आवश्यक नाही. पण बुद्ध आणि मार्क्स यांच्यातील संवाद याच परिसरातील आदिवासींच्या जमिनीच्या लढ्यांसोबत वाढला, ही नोंद महत्त्वाची आहे.

समारोप

मार्क्सवर हिंसेचा शिक्का मारून जे बौद्ध उपासक जमिनीच्या आणि मजुरीच्या प्रश्नापासून दूर राहतात, त्यांना बाबासाहेबांचा निबंध आधार देत नाही. जे कार्यकर्ते साधनशुद्धीला चैन समजतात, त्यांनाही तो आधार देत नाही. मार्क्सने दाखविलेले शोषण खरे आहे आणि त्याने मोकळी सोडलेली जागाही खरी आहे. ती जागा भरावयाची ती चित्ताच्या आणि परिणामांच्या सततच्या तपासणीने. शहाद्यात सालदाराच्या हातात ही तपासणी करण्यासाठी ग्रंथ नव्हता, तरीही त्याने जमीन मागितली आणि जीव घेतला नाही. ग्रंथ आपल्या हाती आहे. त्या सालदाराच्या बाजूला उभे राहावयाचे की नाही, या प्रश्नाचे उत्तर आपण अहिंसेच्या नावाने टाळू शकत नाही.